आबांच्या बंदुकीच्या नळ्या

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पंच्याहत्तरी ओलांडली तेव्हा घरातल्या बंदुकीचं पुढं काय करायचं, हा विषय निघाला. बंदूक म्हणजे बारा बोरची दुनळी, वर दोन घोडे, परवान्यावर ‘डी. बी. बी. एल.’ अशी चार अक्षरं, म्हणजे दोन नळ्यांची, मागून भरायची. पणजोबांपासून चालत आलेली. २०१६ च्या शस्त्र नियमांत एक सोय आहे. परवानाधारक ७० वर्षांचा झाला, किंवा शस्त्र त्याच्याकडे २५ वर्षं राहिलं, की हयातीतच वारसाच्या नावे परवाना मागता येतो. अण्णा या दोन्ही अटी कधीच्याच ओलांडून बसले होते. भावाला बंदूक नको होती. मी म्हटलं, मी घेते.

आमचं गाव पाटण तालुक्यात, कोयनेच्या खोऱ्यात. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि आबांनी, म्हणजे आजोबांनी, बंदूक खुंटीला टांगली ती पुन्हा शिकारीला नेली नाही. तेव्हापासून ती वर्षातून एकदा खंडेनवमीला पाटावर येते, तेल-फडकं होतं, झेंडूचं फूल वाहिलं जातं. बाकी तिचा प्रवास म्हणजे निवडणूक लागली की ठाण्यात जमा आणि निकाल लागला की परत. मला मात्र ती लहानपणापासून आवडायची. घोड्याच्या बाकावर कोरलेली बारीक वेल, चापाखालच्या पट्टीवर कोरलेला आकडा, उघडताना येणारा तो जाड ‘टक्’ आवाज. मी कुपवाडच्या एमआयडीसीत एका कारखान्यात क्वालिटी विभागात वीस वर्षं काढली आहेत. धातूवर हातानं केलेलं चांगलं काम दिसलं की माझं बोट आपोआप तिथं जातं.

नावावर करण्याआधी एकदा जाणकाराला दाखवावी म्हणून अण्णा आणि मी ती एका शहरातल्या विक्रेत्याकडं घेऊन गेलो. परवाना अण्णांच्या खिशात, बंदूक चामड्याच्या पेटीत. त्या गृहस्थांनी ती उघडली, नळ्या दिव्यासमोर धरल्या, खाली ठेवल्या.

“बॉडी विलायती आहे. नळ्या हिच्या नाहीत. मुंगेरच्या असणार. बाजारातून आणून कुणीतरी बसवल्यात.”

मुंगेर म्हणजे बिहारातलं देशी बंदुका बनवणारं गाव. “कशावरून?” मी विचारलं.

“अशा घोड्याच्या बंदुकीला दमास्कसच्या नळ्या असतात. या साध्या आहेत. किंमत काही येणार नाही, ताई. नुसत्या बॉडीला कोण पैसे देतो?”

किमतीचं आम्हाला काही पडलेलं नव्हतं, विकायची नव्हतीच. पण परतीच्या वाटेवर अण्णा कराड येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. मग म्हणाले, “आबा असलं करणारा माणूस न्हवं. बैलाला पत्री मारायची तरी दहा गावं फिरून नालबंद आणायचा.” मला तेवढं पुरे झालं. नळ्या कुणी बसवल्या ते शोधून काढायचं ठरवलं.

आधी त्या विक्रेत्याचं म्हणणं तपासून घेतलं, कारण ते अगदीच निराधार नव्हतं. १९व्या शतकातल्या घोड्याच्या दुनळ्यांना खूपदा दमास्कसच्या नळ्या असत. लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या एकत्र पिळायच्या, ती पिळलेली पट्टी सळईभोवती गुंडाळायची आणि तापवून ठोकून तिची नळी करायची. नंतर आम्लानं घासलं की लोखंड एका रंगाचं, पोलाद दुसऱ्या रंगाचं होऊन अंगभर नागमोडी नक्षी उठते. आमच्या नळ्या एकसंध काळ्या. भिंगातूनही नक्षीचा माग नाही. म्हणजे एकतर ही बंदूक साध्या पोलादी नळ्यांसकट जन्माला आली, किंवा नळ्या बदलल्या.

उत्तर पहिल्याच संध्याकाळी घरात मिळालं, आणि ते मला नको असलेलं उत्तर होतं. बंदुकीची चामड्याची पेटी म्हणजे शेळीच्या मांडीच्या आकाराची, एका बाजूला रुंद. आत नळ्यांसाठी लांब कप्पा, दस्त्यासाठी दुसरा. नळ्या मोजल्या, २८ इंच. कप्पा मोजला, ३० इंचांहून थोडा जास्त. कप्प्याच्या तळाशी एक फडकं कोंबलेलं होतं. ते मी लहानपणापासून पाहत आले होते आणि तेलाचं फडकं समजत होते. बाहेर काढलं तर ती घट्ट घडी घालून दोऱ्यानं टाचलेली गादी निघाली, जुन्या धोतराची. खाली लोकरीच्या अस्तरावर नळीच्या तोंडाचे दोन गोल वळ उमटलेले, शेजारी शेजारी, इंग्रजी आठ आडवा पाडल्यासारखे. पूर्वी इथपर्यंत पोचणाऱ्या नळ्या या पेटीत वर्षानुवर्षं उभ्या राहिल्या होत्या. मग दोन इंच आखूड नळ्या आल्या, आणि त्या आत खुळखुळू नयेत म्हणून कुणीतरी ही गादी शिवून घातली.

म्हणजे नळ्या बदललेल्या होत्याच. विक्रेत्याचं अर्धं खरं ठरलं. अण्णांना मी त्या रात्री काही सांगितलं नाही.

पुढचा प्रश्न होता, कुणी बदलल्या. इथं मी एक चूक केली. नळ्यांच्या बुडाखाली जो पोलादी ठोकळा बॉडीत बसतो, त्यावर आकडा ठोकलेला असतो. तोच आकडा चापाखालच्या पट्टीवर आणि नळीखालच्या लाकडातल्या लोखंडावरही असतो. तिन्हीकडं एकच आकडा पाहून मला वाटलं, झालं, जुळलं, नळ्या मूळच्या कंपनीनंच दिल्या. ओळखीनं कोल्हापुरात एक परवानाधारक दुरुस्ती करणारे मिस्त्री कळले होते. घरात तीन पिढ्या हेच काम. त्यांना फोनवर हे सांगितलं तर म्हणाले, “ताई, आकडा काय, ठोकायचा पंच असला की कुणीबी ठोकतंय. मुंगेरवाला तर आधी आकडाच ठोकील, परवान्याशी जुळाया लागतो म्हणून. घेऊन या, बघू.”

ते बरोबर होतं. शस्त्र कायद्याच्या आठव्या कलमानं आकडा पुसणं, बदलणं, खोटा ठोकणं हा गुन्हा आहे, म्हणून तर कुणी नळी बदलली की जुना आकडा नव्या नळीवर उतरवण्याची गरज पडते. आकडा जुळतो एवढ्यावरून नळी कुठली ते ठरत नाही. पाहायचं असतं ते आकड्याचं वळण. मिस्त्रींच्या दुकानात भिंगाखाली ते दिसलं. बॉडीवरचा इंग्रजी तीन सपाट डोक्याचा, वरची रेघ सरळ आडवी. नळीवरचा तीन गोल डोक्याचा. पंच वेगळे, काळ वेगळा, ठोकणारा हात वेगळा. पण दोन्ही ठोके एका दमात, खोल, सरळ ओळीत. वीस वर्षं मी ठोकलेले आकडे पाहत आले आहे. घाईघाईनं ठोकलेल्या आकड्यात एखादा तरी तिरका जातो, एखादा दोनदा पडतो. इथं तसं नव्हतं.

मिस्त्रींनी पुढं जे केलं ते मी कधीच विसरणार नाही. नळ्या सुट्या करून दोरीला टांगल्या आणि बोटाच्या पेरानं हलकेच टकटक केली. देवळातल्या घंटेसारखा लांब नाद आला. “ऐकलं? मधली पट्टी कुठंच सुटली न्हाई. सुटली असती तर भांडं फुटल्यागत वाजलं असतं.” मग रॉकेलची चिमणी पेटवली, नळ्यांच्या बुडाला काजळी धरली, नळ्या बॉडीत बसवून बंदूक बंद केली, उघडली. बॉडीच्या उभ्या तोंडावर काजळीचे दोन अख्खे गोल उठले, कुठं तुटलेले नाहीत, एका बाजूला गडद दुसऱ्या बाजूला फिके असेही नाहीत. त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “ज्यानं ह्या बसवल्या त्यानं कानस धरून महिना काढलाय. बाजारातलं काम न्हवं हे, पाटील.” शेवटचं अण्णांना उद्देशून होतं. अण्णांनी नुसती मान हलवली, पण त्या दिवशी पहिल्यांदा ते खुर्चीत मागं टेकून बसले.

मिस्त्रींनी आणखी एक शंका काढून टाकली. इंग्लंडमध्ये झिजलेल्या नळ्यांचं बूड तसंच ठेवून पुढचा भाग कापायचा आणि त्या बुडात नव्या नळ्या बसवायच्या, अशीही पद्धत आहे. त्याला स्लीव्हिंग म्हणतात. तिथल्या नियमानं अशा नळीवर ‘स्लीव्ह्ड’ असा शब्द ठोकावाच लागतो, आणि बुडापासून काही इंचांवर जोडाची बारीक वर्तुळाकार रेघ नीट पाहिली तर सापडते. आमच्या नळ्यांवर शब्दही नव्हता, रेघही नव्हती. अख्ख्या नव्या नळ्या.

आता राहिल्या खुणा. खरं काम इथं होतं, आणि त्यासाठी मला तीन खेपा माराव्या लागल्या.

इंग्लंडमध्ये कुठलीही बंदूक विकण्याआधी सरकारमान्य प्रूफ हाउसमध्ये तिची परीक्षा होते. नेहमीपेक्षा जास्त भरलेला बार तिच्यातून उडवतात. टिकली तर नळीवर आणि बॉडीवर खूण ठोकतात. लंडनच्या बंदूककारांच्या मंडळाला १६३७ ची सनद आहे. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ च्या कायद्यानं उभं राहिलं. खुणा आणि त्यांचे नियम काळानुसार बदलत गेले, आणि कुठली खूण कधीपासून कधीपर्यंत ठोकली गेली याची नोंद असल्यानं नळीचं बूड म्हणजे एक प्रकारचा जन्मदाखला असतो. तो दाखला नळ्यांच्या बुडाखाली, बंदूक बंद केल्यावर झाकला जातो त्या सपाट जागेवर असतो. त्याच्यासमोर बॉडीवर तशीच सपाट जागा असते.

आमच्या बॉडीवर मुकुट, त्याखाली एकमेकांवर आडवे ठेवलेले दोन राजदंड आणि राजदंडांच्या कोनांत बी, पी, सी ही अक्षरं होती. ही बर्मिंगहॅमची जुनी खूण, १९०४ नंतर वापरातून गेली. म्हणजे बॉडी १९०४ च्या आतली. घोड्याखालच्या पाट्यांवर ‘आर्मी अँड नेव्ही सी. एस. एल.’ कोरलेलं. आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी १८७१ मध्ये लंडनला निघाली, सैन्यातल्या अधिकाऱ्यांना रास्त भावात माल देण्यासाठी. ती स्वतः बंदुका घडवत नसे. बर्मिंगहॅमच्या कारखानदारांकडून करवून घेऊन आपलं नाव घालून विके. मुंबईत तिची शाखा होती. काळ्या घोड्याजवळ डेव्हिड ससून वाचनालयाला लागून आर्मी अँड नेव्ही बिल्डिंग आजही उभी आहे. कॉलेजात असताना मी त्या इमारतीखालून कितीदा गेले असेन.

बॉडीवर त्या जुन्या खुणेच्या शेजारी आणखी एक खूण होती, लहान आणि टोकदार. मुकुट आणि त्याखाली एन. पी. पहिल्या खेपेला ती माझ्या लक्षातच आली नाही, कारण तिच्यावर जुन्या तेलाचा थर वाळून लाखेसारखा झाला होता. दुसऱ्या खेपेला मिस्त्रींनी फडकं रॉकेलात बुडवून तो थर काढला तेव्हा दिसली. एन. पी. म्हणजे नायट्रो प्रूफ, बिनधुराच्या दारूसाठीची परीक्षा. बर्मिंगहॅममध्ये मुकुटाखाली एन. पी. ही खूण १९०४ पासून आली.

एका बॉडीवर दोन काळांच्या खुणा. हे कसं होतं ते समजायला मला रात्रभर विचार करावा लागला, आणि एकदा समजल्यावर झोप लागेना. नव्या नळ्या बसवल्या की पूर्ण बंदुकीची परीक्षा पुन्हा होते, नळ्या आणि बॉडी एकत्र. पास झाली की दोन्हीवर नवी खूण. मुंगेरच्या कारागिरानं इंग्रजी खुणांची नक्कल केलीच असती, तर ती नळ्यांवर केली असती, जिथं गिऱ्हाईक बघतं. बॉडीवर आधीच एक अस्सल खूण असताना तिच्या शेजारी दुसऱ्या काळची, दुसऱ्या पंचाची, तेलाखाली गडप होणारी खूण कोण कशासाठी ठोकील? नळ्यांवरची एन. पी. आणि बॉडीवरची एन. पी. आम्ही भिंगातून शेजारी धरून पाहिल्या. मुकुटाच्या उजव्या टोकाला दोन्हीकडं तोच एक बारीक तुटका कोपरा. पंच एकच होता.

नळ्यांवर बाकीही मजकूर होता. पत्त्यातल्या चौकटीच्या आकाराच्या खुणेत १२ आणि सी. हे सी अक्षर मी आधी कारागिराचं आद्याक्षर समजले होते, पण ते काडतुसाच्या घराची लांबी ३ इंचांहून कमी असल्याचं चिन्ह आहे. त्याखाली २½ इंच. काडतुसाच्या घराची लांबी १९२५ च्या नियमांपासून ठोकायला लागले. शेजारी १⅛ औंस, म्हणजे जास्तीत जास्त किती छर्रा भरायचा ते. १९५४ पासून छर्र्याच्या वजनाऐवजी दाब चौरस इंचाला टनांत लिहू लागले. आमच्याकडं टन नाहीत, औंस आहेत. म्हणजे नळ्या १९२५ ते १९५४ मधल्या.

या अडीच इंचांबद्दल इथंच सांगून ठेवते, कारण जुन्या दुनळ्या बऱ्याच घरांत आहेत. अडीच इंचांचं घर म्हणजे काडतुसांच्या मापात ६५ मिलिमीटर. आज बाजारात मिळणारी काडतुसं बहुतेक ७० मिलिमीटरची असतात. ती ६५ च्या घरात नुसती घालताना बसतात, कारण न उडालेलं काडतूस पुढून मुडपलेलं, आखूड असतं. उडताना ते उलगडतं आणि त्याचं तोंड पुढच्या निमुळत्या भागात शिरतं, दाब वाढतो. बंदूक बंद झाली म्हणजे काडतूस तिच्यासाठीच आहे, असं समजू नये. नळीखालचा आकडा वाचावा, आणि वाचता येत नसेल तर जाणकाराकडून वाचून घ्यावा.

माझ्या हातातलं काम मी केलं. कारखान्यातून बोअर गेज मागून नेलं होतं. बुडापासून ९ इंचांवर आतला व्यास मोजायचा असतो. बारा बोरचं माप ०.७२९ इंच, म्हणजे १८.५२ मिलिमीटर. उजवी नळी १८.५७, डावी १८.५६. खुणेच्या मापापेक्षा दहा थाऊ, म्हणजे इंचाचे दहा हजारांश, जास्त झालं तर ती परीक्षा रद्द समजतात. इथं फरक जेमतेम दोन थाऊंचा. ऐंशीहून अधिक वर्षं आणि कोयनेच्या खोऱ्यातले तेवढेच पावसाळे, तरी आतून आरसा. आबा प्रत्येक वेळी गरम पाण्यानं नळ्या धुवायचे, मग खोबरेल. अण्णा सांगतात, घरातल्या माणसाला न्हाणीतलं गरम पाणी कमी पडलं तरी चालायचं.

तिसऱ्या खेपेला दोन नळ्यांमधल्या पट्टीवरची अक्षरं वाचली. ती कोरलेली आहेत एवढं कळत होतं, पण चरे मळानं गच्च भरलेले. मी जुना टूथब्रश आणि पातळ तेल घेऊन बसले. मिस्त्रींनी ताकीद दिली होती, लोखंडी काही लावायचं नाही, घासायचं नाही, भिजू द्यायचं. तासभर भिजवलं. मग ब्रशच्या टोकानं एकेक अक्षर. ‘आर्मी’ आलं. ‘अँड नेव्ही’ आलं. पुढं सी. एस. एल. येणार म्हणून मी सी शोधत होते आणि तो सी होईना. वळण उलटंच जात होतं. ते एस निघालं. मग टी. मग ओ.

‘स्टोअर्स लिमिटेड.’

मिस्त्रींना यात काही विशेष वाटलं नाही. मला मात्र हात पुसून बाहेर जाऊन उभं राहावं लागलं. कारण सोसायटीनं आपलं नाव बदलून ‘आर्मी अँड नेव्ही स्टोअर्स लिमिटेड’ केलं ते १९३४ मध्ये. घोड्याखालच्या पाट्यांवर माहेरचं नाव आणि नळ्यांवर सासरचं, अशी ही बंदूक होती. ज्या कंपनीनं मूळ विकली त्याच कंपनीनं, नाव बदलल्यानंतर, तिला नव्या नळ्या दिल्या. कुणी नक्कल करणारा असता तर त्यानं पाटीवरचं जुनं नावच उतरवलं असतं. १९३४ ते १९५४.

त्या विक्रेत्याचं एक वाक्य मला या काळात पुन्हा पुन्हा आठवत होतं, ‘नळ्या हिच्या नाहीत.’ हा शब्द इतक्या सहज वापरू नये असं माझं मत झालं आहे. कारखान्यात मशिनचा स्पिंडल बदलला तर आम्ही विचारतो, कुणी बदलला, कुठल्या ड्रॉइंगनं, तपासणी कुणी केली, कागद कुठं आहे. हे सगळं नीट असेल तर तो स्पिंडल त्या मशिनचाच. पहिल्या दिवसापासूनचा नाही एवढंच. या नळ्यांना घडवणारा होता, बसवणारा होता, परीक्षा घेणारा होता आणि प्रत्येकानं आपली सही पोलादात सोडली होती. बाजारातून आणून बसवलेली नळी आणि ही, यांना एकाच शब्दात बसवता येणार नाही.

आर्मी अँड नेव्हीच्या बंदुकांच्या विक्रीच्या वह्या ग्लासगो विद्यापीठाच्या अभिलेखागारात आहेत. तिथं आकडा कळवून पत्र लिहिलं. उत्तर आलं, नोंदीच्या मजकुरासह. बारा बोर, घोड्याची दुनळी, ३० इंची दमास्कस नळ्या. ३० इंच वाचून मी पेटीतले ते दोन गोल वळ आठवले. विकत घेणारा एक लष्करी अधिकारी. नळ्या बदलल्याचा उल्लेख त्या नोंदीत नव्हता. तेवढं एक घरातच शोधावं लागणार होतं.

आमच्याकडं पणजोबांच्या रोजकीर्दी आहेत, मोडीत लिहिलेल्या, माळ्यावर लाल फडक्यात. मला मोडी येत नाही, अण्णांना अर्धवट येते. साताऱ्यातल्या एका मोडी वाचक बाईंना वर्षं सांगितली. त्यांनी शके १८५६ पासून सुरुवात केली आणि रोज संध्याकाळी पाचदहा पानं वाचून काढली. अकराव्या दिवशी त्यांचा फोन आला. “नळ्या सापडल्या.”

शके १८६०, कार्तिक. म्हणजे १९३८ ची दिवाळी. ‘बंदुकीच्या नळ्या जुन्या पातळ जाहल्या सबब विलायतेहून नवीन करून आणविल्या, मुंबईचे दुकानामार्फत’, आणि पुढं एकशे चौऱ्याऐंशी रुपये काही आणे. आण्यांच्या जागी वाळवीनं भोक पाडलं आहे. त्याच पानावर खाली एक बैलजोडी घेतल्याची नोंद आहे आणि तिची किंमत याहून कमी आहे. तोवर आम्ही सगळे नळ्या आबांच्या नावावर धरून चाललो होतो. त्या आणवल्या होत्या पणजोबांनी. आबा तेव्हा सोळा वर्षांचे होते.

‘पातळ जाहल्या’ हे दोन शब्द मिस्त्रींना वाचून दाखवले. ते म्हणाले, “शाणा माणूस. काळी दारू नळी खाती, त्यात तुमच्याकडचा पाऊस. पातळ नळीत बिनधुराची दारू घालून लई जणांनी हात घालवले. त्यानं वेळेत वळखलं.”

कार्यालयातल्या कामाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. परवान्यावरच्या वर्णनात नळीची लांबी कधीच्या काळी ३० इंच लिहिली गेली होती आणि पुढं प्रत्येक नूतनीकरणात तीच उतरत आली. पाहणीला आलेल्या अंमलदारानं टेप लावला आणि २८ पाहून त्याचा चेहरा बदलला, कारण परवान्याशिवाय नळी आखूड करणं हा गुन्हा आहे. मी नळ्यांच्या तोंडाचे फोटो, बॉडीवरच्या दोन्ही खुणांचे फोटो, ग्लासगोचं पत्र आणि रोजकीर्दीच्या पानाचं लिप्यंतर असं सगळं एका फायलीत लावून दिलं होतं. कापलेल्या नळीच्या तोंडाशी दोन नळ्यांमध्ये पोकळी उघडी पडते, आणि चोक, म्हणजे नळीच्या तोंडाशी मुद्दाम ठेवलेला अरुंदपणा, कापला जातो. आमच्या नळ्यांवर ‘चोक’ हा शब्द ठोकलेला आहे आणि डाव्या नळीत तो मोजला तर अजून भरतो. त्यांनी ते स्वतः गेजवर पाहिलं. दोन महिन्यांनी नवा परवाना आला, माझ्या नावाचा, त्यात नळीची लांबी २८ इंच.

त्या दिवशी अण्णांनी बंदूक स्वतः पुसली. नळ्या वेगळ्या केल्या, आतून खोबरेलाचं फडकं फिरवलं, पेटी उघडली. मी धोतराची ती जुनी गादी धुवायला टाकली होती आणि तिच्याऐवजी फोमचा तुकडा कापून ठेवला होता. अण्णांनी फोम हातात घेऊन पाहिला, बाजूला ठेवला.

“ती कुठाय?”

दोरीवरून काढून आणून दिली. अजून जरा ओलसर होती. त्यांनी ती चुलीपुढं धरली, उलटसुलट करून कोरडी केली, टाचलेला दोरा एका जागी सुटला होता तिथं मला सुई घ्यायला लावली. मग कप्प्याच्या तळाशी नीट दाबून बसवली, वरून नळ्या सोडल्या आणि पेटी कानाशी धरून हलवून पाहिली.

“वाजत न्हाईत,” म्हणाले.